मोटारीसह मांडव्याला : मुंबई–मांडवा रो-रो सेवेचे परीक्षण

साताऱ्याहून अलिबागला निघालेल्या माणसाच्या वाटेत समुद्र येतच नाही. खंबाटकीचा बोगदा पार करून पुणे गाठावे, द्रुतगती मार्गाने खोपोलीला उतरावे आणि पेण-वडखळवरून अलिबागला पोहोचावे, असा सुमारे अडीचशे किलोमीटरचा सरळ रस्ता असताना मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर जाऊन मोटार जहाजात चढवण्याचा खटाटोप सातारकराने कशासाठी करावा, ही शंका रास्त आहे. परंतु जावळी, पाटण, कोरेगाव या तालुक्यांत ज्याचे कोणीच मुंबईत नाही असे घर शोधावेच लागेल. गिरण्यांच्या आणि माथाडी कामाच्या निमित्ताने गेलेल्या पिढीची मुले-नातवंडे आता लालबाग-परळपासून कोपरखैरण्यापर्यंत स्थिरावली आहेत. त्यांच्याकडील लग्नकार्यासाठी मोटारीने गेलेले कुटुंब जोडून समुद्रकिनारा पाहण्याचा बेत आखते, तेव्हा त्याच्यासमोर भाऊच्या धक्क्याहून अलिबागजवळच्या मांडवा बंदराला जाणाऱ्या रो-रोचा (‘रोल-ऑन, रोल-ऑफ’, म्हणजे गाडी चालवतच चढवता-उतरवता येणाऱ्या जहाजाचा) पर्याय येतो. आम्हीही असेच लालबागहून गेलो. प्रस्तुत परीक्षण त्या प्रवासावर आणि या सेवेच्या आजवरच्या वाटचालीवर आधारलेले आहे.

मोटार पाण्यावरून नेणे ही आमच्या जिल्ह्याला नवलाची गोष्ट नाही, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. साठच्या दशकात कोयनेचे पाणी अडवले गेले, शिवसागर जलाशय पसरला आणि कांदाटी खोऱ्यातील गावे पलीकडच्या तीरावर राहिली. तेव्हापासून लाँच आणि पुढे गाड्या वाहणारा तराफा हा तापोळा-बामणोली भागातील दळणवळणाचा नित्याचा भाग झाला. या तराफ्यावर गाडी चढवलेल्या कोणालाही विचारावे. पाण्यावरचा वेळ कोणाच्याही लक्षात राहत नाही. लक्षात राहते ते तराफा पलीकडच्या काठाला असताना अलीकडे उभे राहणे. उन्हाळ्यात जलाशय ओसरला की गाडी चढवण्याची जागा खाली सरकते आणि ओल्या, निसरड्या उतारावरून चाके फळीवर नेताना चालकाचा कस लागतो. वाहनवाहू सेवेची परीक्षा नौकेच्या वेगावर करू नये, ती थांबण्याच्या वेळेवर, चढ-उताराच्या सोयीवर आणि ठरलेल्या दिवशी ती खरोखर सुटते की नाही यावर करावी, हा धडा आम्हाला कोयनेने दिला आहे. मांडव्याच्या जहाजालाही मी तोच निकष लावतो.

ही सेवा सुरू होण्यापूर्वी तिची चर्चा अनेक वर्षे चालली होती. भाऊच्या धक्क्यावर स्वतंत्र टर्मिनल हवे होते, मांडव्याला जहाज स्थिर उभे राहावे म्हणून लाटा थोपवणारी भिंत आणि मोठा धक्का हवा होता, आणि हे सर्व झाल्यावर चालवणारे जहाजही हवे होते. मुंबईच्या बाजूचे काम पोर्ट ट्रस्टने आणि मांडव्याच्या बाजूचे महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाने केले. जहाज ग्रीसमध्ये बांधले गेले आणि २०२० च्या फेब्रुवारीत मुंबईत आले. १५ मार्च २०२० रोजी सेवेला प्रारंभ झाला. ही तारीख वाचताच पुढे काय झाले असेल, हे कोणाच्याही ध्यानात येईल. काही दिवसांतच टाळेबंदी लागली आणि नवेकोरे जहाज धक्क्याला लागले. त्यानंतर ऑगस्टमध्ये, गणपती अगदी तोंडावर आले असताना, फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. पहिल्याच हंगामात एवढा फटका बसलेली सेवा त्यानंतरही टिकून राहिली, हे मला तिच्या बाजूने मोठे प्रमाण वाटते, कारण या किनाऱ्यावर वाजत-गाजत सुरू होऊन गुपचूप बंद पडलेल्या सागरी सेवांची परंपरा बरीच जुनी आहे.

शेजारच्या गुजरातचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. खंभातच्या आखातातील घोघा–दहेज सेवेचे पहिल्या टप्प्याचे उद्घाटन २२ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. पुढच्या वर्षी वाहनेही जाऊ लागली. जहाज उत्तम होते, मागणीही होती. परंतु दहेजच्या बाजूला गाळामुळे पाण्याची पुरेशी खोली राहीना आणि सेवा बंद पडली. अखेर ८ नोव्हेंबर २०२० पासून घोघा–हजिरा असा नवा मार्ग आखण्यात आला, ज्यामुळे सुमारे ३७० किलोमीटरचा रस्ता ९० किलोमीटरच्या जलमार्गावर आला. जहाजाच्या गुणवत्तेची चर्चा सर्वत्र होते. धक्क्याखाली किती पाणी आहे, हे मात्र सेवा थांबल्यावरच वर्तमानपत्रांत येते.

आता प्रत्यक्ष प्रवासाविषयी. वाहनासह जाणाऱ्याने जागा आधी ऑनलाइन आरक्षित करावी, विशेषतः शनिवार-रविवार आणि सलग सुट्ट्यांच्या दिवशी. भाडे दोन भागांत असते. वाहनाचे भाडे त्याच्या आकारानुसार, आणि माणसांचे भाडे ते कोणत्या वर्गात बसणार त्यानुसार. दर काळानुसार बदलत आले आहेत, त्यामुळे निघण्यापूर्वी चालू दरपत्रक पाहणे उत्तम. लालबागहून भाऊचा धक्का अंतराने जवळ असला, तरी हा मुंबईतील मासळीचा मोठा बाजार आहे आणि सकाळच्या वेळी मासळीचे टेम्पो, हातगाड्या व बर्फाच्या लाद्या यांतून मोटार काढताना वेळ जातोच. हा वेळ जहाजाच्या खात्यावर मांडता येणार नाही, परंतु प्रवाशाच्या घड्याळातून तो वजा होतो. आमच्या दाजींनी मात्र आदल्या रात्रीच निकाल देऊन टाकला होता, “पाव्हणं, रस्त्यानं निघालात तर वडखळलाच जेवायची वेळ होईल.”

मोटार जहाजात चढवण्याची व्यवस्था मला विशेष आवडली. रुंद रॅम्पवरून गाडी थेट आतल्या वाहन डेकवर जाते, कर्मचारी हाताने खुणा करत एकेक गाडी ओळीत लावून घेतात, हातब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि वर बसायला जायचे. कोयनेच्या तराफ्यावर चाकाखाली दगड लावणाऱ्या माणसाला हे सर्व फारच प्रशस्त वाटते. जहाजाची क्षमता सुमारे दीडशे मोटारींची सांगितली जाते आणि वाहन डेकचा आवाका पाहता ती पटते. घाईगर्दीत आरसे घासतील अशी चणचण नव्हती. दुचाकी आणि सायकलीही त्याच मार्गाने चढतात. पाळीव प्राण्यांना नेता येते, ही सोय मुंबईकरांना फार महत्त्वाची वाटते असे दिसले. आमच्याकडे कुत्रा गाडीमागे धावतो, गाडीत बसत नाही.

जिने चढून आम्ही वर गेलो. वातानुकूलित कक्ष आहेत, मोकळा डेक आहे, चहा-नाश्त्याची सोय आहे. थंडीचे दिवस असल्यास वातानुकूलित कक्षासाठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण या प्रवासात पाहण्यासारखे जे आहे ते सगळे बाहेर आहे. बंदरात नांगरून उभी असलेली मालवाहू जहाजे, डावीकडे मागे पडत जाणारे घारापुरीचे डोंगर, न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन आणि हिवाळ्यात जहाजाच्या मागे मागे येणारे कुरव पक्षी. उन्हाळ्याच्या दुपारी आणि पावसात मात्र आतली जागाच बरी. जहाज मोठे आणि जड असल्यामुळे हेलकावे फारसे जाणवले नाहीत. लहान लाँचमधून जाताना ज्यांना मळमळते, अशांना हा फरक तत्काळ कळेल.

भाऊच्या धक्क्यापासून मांडवा सागरी मार्गाने साधारण दहा सागरी मैलांवर आहे. जहाजाचा वेग १४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटर. हिशेबाने पाऊण तास होतो, आणि बंदरातून बाहेर पडणे व धक्क्याला लागणे धरून तासाभराचा प्रवास समजावा. मांडव्याला उतरताना गाड्या भराभर बाहेर पडतात. तेथून अलिबाग वीसेक किलोमीटरवर आहे.

या सेवेचा खरा गुण पावसाळ्यात दिसतो. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच आणि कॅटामरान (दोन सांगाड्यांच्या नौका) जूनपासून जवळपास तीन महिने बंद असतात. मोठे जहाज असल्याने रो-रो मात्र पावसाळ्यातही चालवता येते, हवामान फारच बिघडले तर फेरी रद्द होते एवढेच. याच पाण्यात १७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अलिबाग-रेवस परिसरातील जुन्या घरांत ती आठवण अजूनही आहे. त्या पार्श्वभूमीवर जुलै महिन्यात मुंबईहून रायगडच्या किनाऱ्यावर मोटारीसह जाता येते, ही गोष्ट तिकिटाच्या दरापेक्षा फार मोठी आहे. प्रवाशांची मर्यादाही पावसाळ्यात कमी ठेवली जाते आणि ते योग्यच आहे.

अनेक ठिकाणी या सेवेचा उल्लेख ‘वेगवान’ असा केला जातो. ते विशेषण मला मान्य नाही, आणि ते लागू पडत नाही याचा मला आनंदच आहे. वाहनवाहू नौकांच्या जगात १४ नॉट हा मध्यम वेग होय. खऱ्या वेगवान नौकांचा इतिहास निराळा आहे आणि तो जाणून घेण्यासारखा आहे. १९९० साली टास्मानियातील इन्कॅट या कारखान्याने बांधलेल्या ‘हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटन’ या ७४ मीटर लांबीच्या कॅटामरानने सरासरी ३६ नॉटहून अधिक वेगाने, तीन दिवस आणि आठ तासांच्या आत अटलांटिक ओलांडून सर्वांत वेगवान प्रवासी जहाजाला मिळणारा हेल्स करंडक जिंकला आणि मग ती इंग्लिश खाडीत मोटारी वाहू लागली. त्यानंतर स्टेना कंपनीने १९९६ साली आयरिश समुद्रात एचएसएस १५०० हे अजस्र जहाज आणले. १,५०० प्रवासी, ३७५ मोटारी, विमानाच्या जातीची गॅस टर्बाइन इंजिने आणि ४० नॉटचा वेग. होलीहेड ते डन लेरी हा प्रवास त्याने सुमारे शंभर मिनिटांवर आणला. मग इंधनाचे दर चढले. आधी वेग कमी करण्यात आला, प्रवासाचा वेळ दोन तासांकडे सरकला, फेऱ्या कमी झाल्या, आणि २०१४ नंतर हे जहाज त्या मार्गावर परतलेच नाही. हवाई बेटांतील सुपरफेरीची गत याहून वाईट झाली. ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झालेली ती सेवा पर्यावरणीय परवानग्यांच्या न्यायालयीन वादात सापडून मार्च २००९ मध्ये बंद पडली, आणि तिची दोन्ही जहाजे पुढे अमेरिकन नौदलाकडे गेली.

यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. एकाच जहाजाचा वेग वाढवायचा झाल्यास लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १४ नॉटवरून २५ नॉटवर जायचे तर साडेपाचपटीहून अधिक शक्ती लागते, आणि प्रवास लवकर संपतो हे जमेस धरूनही त्याच अंतराला सुमारे तिप्पट इंधन जळते. म्हणूनच वेगवान नौका ॲल्युमिनियमच्या, हलक्या आणि दोन अरुंद सांगाड्यांच्या बांधतात. परंतु त्यामुळे त्या खवळलेल्या समुद्राला अधिक घाबरतात आणि नेमक्या ज्या दिवशी त्यांची गरज असते त्या दिवशी धक्क्याला बांधून ठेवाव्या लागतात. दहा सागरी मैलांच्या मार्गावर वेग दुप्पट केल्याने वाचतील ती वीस मिनिटे. मासळी बाजारातून गाडी काढतानाच ती खर्ची पडतील.

२०२५ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर राज्य शासनाने मुंबई–जयगड–विजयदुर्ग अशी २५ नॉट वेगाची रो-रो जाहीर केली, तेव्हा म्हणूनच मी दरपत्रक आधी वाचले. ६५६ प्रवासी, ५० मोटारी, जयगडला तीन ते साडेतीन तास, विजयदुर्गला पाच ते साडेपाच तास. सर्वांत स्वस्त तिकीट २,५०० रुपये आणि मोटारीचे ६,००० रुपये. चौघांच्या कुटुंबाने मोटार घेऊन एकदा जायचे म्हटल्यास १६,००० रुपये होतात, तेही एका बाजूचे. मुंबई–गोवा महामार्गाचे वर्षानुवर्षे चाललेले काम ज्याने सोसले आहे, अशा सिंधुदुर्गच्या चाकरमान्याला कदाचित हेही परवडेल. हौशी पर्यटकाला परवडेल. दरवर्षी गणपतीला जाणाऱ्या सामान्य कुटुंबाची बेरीज एवढ्यात बसत नाही. त्या मानाने मांडव्याची सेवा माफक वेग, माफक अंतर आणि आवाक्यातील भाडे यांचा मेळ घालून चालली आहे, आणि तिच्या टिकण्याचे कारण मला त्यातच दिसते. दाभोळ–धोपावे फेरीबोटीचेही असेच आहे. २००३ पासून ती मुकाट्याने वाशिष्ठीच्या खाडीत ये-जा करत आहे. कुंभार्ली घाट उतरून गुहागरला गेलेल्या सातारकराला दापोलीकडे जायचे असेल, तर तीच त्याचा मोठा वळसा वाचवते. तिच्या वेगाविषयी आजवर कोणी बातमी छापल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मांडवा सेवेपुढचे खरे आव्हान दुसरेच आहे, ते पुलांचे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि मध्य मुंबईतून पेणकडे जाण्याचा वेळ एकदम घटला. मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये आहे. वडखळला कोंडी नसेल तर लालबागहून अलिबाग दोन-अडीच तासांत गाठता येते, आणि रो-रोने धक्क्यावर लवकर पोहोचणे, चढणे, तासभर पाण्यावर, पुढे वीस किलोमीटर असा सगळा वेळ धरला, तर तोही तेवढाच होतो. त्यातच रेवस–करंजा पुलाचे काम हाती घेण्यात आले आहे. तो झाला, की उरणमार्गे मांडवा-अलिबाग सरळ रस्त्याने जोडले जाईल. आमच्याकडे तापोळा–आहिर पुलाचेही काम सुरू आहे आणि तराफ्याचे भवितव्य काय, हा प्रश्न तेथेही विचारला जातो. माझ्या मते पुलामुळे मोटारींची संख्या निश्चित घटेल, परंतु अटल सेतूवर दुचाकींना बंदी असल्याने दुचाकीस्वारांसाठी हे जहाज आजही रस्त्यापेक्षा सरस आहे. शिवाय सलग सुट्टीच्या शनिवारी वडखळचा रस्ता काय करेल याची हमी कोणी देऊ शकत नाही, तर जहाजाला वाटेत कोंडी लागत नाही.

तेव्हा शिफारस कोणासाठी? साताऱ्याहून थेट अलिबागला जाणाऱ्याने या सेवेच्या वाटेला जाऊ नये, उगाच मुंबईचा फेरा पडेल. नवी मुंबईत, वाशी-कोपरखैरणे भागात मुक्काम असेल तरीही नाही, कारण तेथून पेणचा रस्ता जवळ आहे आणि धक्क्यावर येण्यासाठी उलटे शहरात शिरावे लागते. दक्षिण किंवा मध्य मुंबईत उतरलेल्या, लहान मुले आणि वयस्कर माणसे सोबत असलेल्या कुटुंबाने मात्र अवश्य जावे. तास-दीड तास स्टिअरिंगवरून हात मोकळे होतात आणि चालकालाही प्रवासी होता येते. दुपारऐवजी सकाळची फेरी घ्यावी, आदल्या संध्याकाळी वेळापत्रक पुन्हा तपासावे आणि भाऊच्या धक्क्यासाठी नकाशा दाखवेल त्याहून अर्धा तास अधिक धरावा. परतीचे तिकीट काढण्याची आवश्यकता नाही. अलिबाग आटोपल्यावर वडखळहून महामार्ग धरून माणगाव, महाड, पोलादपूर करत आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढावे आणि मेढ्यावरून किंवा वाईवरून साताऱ्यात उतरावे. पाऊस जोरात असेल आणि आंबेनळीत दरड कोसळल्याची बातमी असेल, तर खोपोली-पुण्यावरून यावे.